आठ हजारांवर तक्रारी आणि सूत्रसंचालकाचे हसू : ‘डॅन वूटन टुनाइट’ प्रकरणाचा अभ्यास

मंगळवार, २६ सप्टेंबर २०२३. ब्रिटनमधील ‘जीबी न्यूज’ या वृत्तवाहिनीवर रात्री ‘डॅन वूटन टुनाइट’ हा चर्चेचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे थेट चालू होता. एकेकाळचे अभिनेते आणि पुढे ‘रिक्लेम पार्टी’ या छोट्या पक्षाचे नेते झालेले लॉरेन्स फॉक्स पाहुणे म्हणून बोलत होते. बोलण्याच्या ओघात त्यांनी एका तरुण महिला पत्रकाराविषयी काही उद्गार काढले आणि सूत्रसंचालक डॅन वूटन ते ऐकून हसले. अवघ्या काही मिनिटांच्या या संभाषणावरून प्रसारण नियामक ‘ऑफकॉम’कडे आठ हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. दोन दिवसांत औपचारिक चौकशी जाहीर झाली, आठव्या दिवशी वाहिनीने फॉक्स यांना काढून टाकले आणि मार्च २०२४ मध्ये नियमभंग झाल्याचा निर्णय आला. दंड मात्र एका पौंडाचाही झाला नाही.

या प्रकरणाकडे बहुधा स्त्रीद्वेष्ट्या वक्तव्याचे उदाहरण म्हणून पाहिले जाते आणि त्यात वावगे काही नाही. या टिपणाचा रोख मात्र प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेवर आहे. प्रतिक्रिया देणारे प्रेक्षक नेमके कोण होते, त्यांचे म्हणणे कोणत्या वाटेने कोणापर्यंत पोहोचले आणि त्यातले कोणाला काय ऐकू आले, हे येथे तपासायचे आहे. ‘इतक्या हजार लोकांनी तक्रार केली’ या वाक्याला बातमीत जे वजन दिले जाते, ते नियामकाच्या निर्णयात जवळजवळ नसते, असे माझे मत आहे. आणि तसे ते नसावे, असेही माझे मत आहे.

वाहिनी आणि तिचा प्रेक्षक

जीबी न्यूज १३ जून २०२१ रोजी सुरू झाली. बीबीसी आणि स्काय यांच्या चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या आधीपासून होत्याच. त्यांच्याशी बातमीदारांच्या संख्येत स्पर्धा करणे नव्या वाहिनीला परवडणारे नव्हते. त्यामुळे बातमीपेक्षा बातमीवर बोलणारे चेहरे हा तिचा मुख्य माल राहिला : ठाम मते असलेला सूत्रसंचालक, त्याच्या मतांशी थोडेफार जुळणारे पाहुणे आणि ‘इतरत्र तुमचे कोणी ऐकत नाही, येथे ऐकले जाईल’ असा प्रेक्षकाला दिलेला शब्द. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे घर म्हणून वाहिनी स्वतःची जाहिरात करीत असे. हा शब्द पुढे तिच्याच गळ्यात पडला, तेही दोन निरनिराळ्या बाजूंनी.

पहिला प्रसंग महिनाभरातच आला. ११ जुलै २०२१ रोजी युरो चषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड पेनल्टी शूटआउटमध्ये हरले आणि पेनल्टी हुकलेल्या मार्कस रॅशफर्ड, जेडन सँचो आणि बुकायो साका या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर समाजमाध्यमांतून वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. दोन दिवसांनी जीबी न्यूजचे एक सूत्रसंचालक गुटो हॅरी यांनी या खेळाडूंना पाठिंबा म्हणून थेट कार्यक्रमात एक गुडघा जमिनीला टेकवला. वाहिनीचा नेहमीचा प्रेक्षक खवळला. त्याने नियामकाला पत्र लिहिले नाही की मोर्चा काढला नाही. रिमोट उचलला आणि वाहिनी बदलली. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्ब’ या संस्थेच्या आकड्यांत दुसऱ्या दिवशीच्या काही कार्यक्रमांपुढे चक्क शून्य दिसले. बार्बचे आकडे नमुन्यावरून काढलेले असतात, त्यामुळे शून्य म्हणजे देशात एकही माणूस पाहत नव्हता असे नव्हे. पण व्यवस्थापनाला घाम फुटायला तेवढे पुरे होते. हॅरी यांची कृती आपल्या मानकांचा अस्वीकार्य भंग असल्याचे वाहिनीने जाहीर केले, त्यांना पडद्यावरून दूर केले आणि ते वाहिनी सोडून गेले.

वाहिनी सुरू होताच ‘स्टॉप फंडिंग हेट’ या मोहिमेने जाहिरातदारांवर दबाव आणला होता आणि आयकिया, कोपरबर्ग यांसारख्या काही कंपन्यांनी जाहिराती थांबवल्या होत्या, हेही लक्षात ठेवायला हवे. ती प्रतिक्रिया वाहिनी न पाहणाऱ्यांची होती. हॅरी यांच्याविरुद्धची वाहिनी रोज पाहणाऱ्यांची. एकच वाहिनी, एकच उन्हाळा आणि दोन वेगळे प्रेक्षकवर्ग. सप्टेंबर २०२३ मध्ये हेच दोन वर्ग पुन्हा समोरासमोर आले.

त्या रात्रीचे संभाषण

निमित्त साधे होते. ‘पॉलिटिक्सजो’ या संकेतस्थळाच्या राजकीय वार्ताहर एव्हा इव्हान्स यांनी बीबीसीच्या ‘पॉलिटिक्स लाइव्ह’ या कार्यक्रमात पुरुषांसाठी स्वतंत्र मंत्री असावा की नसावा या चर्चेत भाग घेतला होता. पुरुषांमधील आत्महत्यांचा गंभीर मुद्दा त्या चर्चेत होता, आणि अशा मागणीमागे सांस्कृतिक वादाला खतपाणी घालण्याचा भाग असतो, अशा आशयाचे विधान इव्हान्स यांनी केले. त्यावर टीका झाली, ती होणे स्वाभाविकही होते. आपले बोलणे थोडे घाईचे झाले, त्याचा खेद वाटतो, असे त्यांनी स्वतःच समाजमाध्यमावर लिहिले.

वूटन यांनी हा विषय फॉक्स यांच्यापुढे ठेवला. फॉक्स यांनी सुरुवातीला थोडा वेळ मुद्द्यावर बोलून लगेच गाडी इव्हान्स यांच्या देहाकडे वळवली. कोणत्या स्वाभिमानी पुरुषाला अशा बाईशी शय्यासोबत करावीशी वाटेल, असे त्यांनी विचारले. नऊ वाजून गेले आहेत, तेव्हा आता हे बोलता येईल, असे स्वतःच म्हणून घेतले आणि अखेर तोच प्रश्न आणखी ओंगळ शब्दांत फेकला. ब्रिटनमध्ये रात्री नऊची ही मर्यादा लहान मुलांच्या संरक्षणासाठी आहे. तिच्यानंतर प्रौढांसाठीची भाषा आणि दृश्ये चालतात. एखाद्या स्त्रीची लायकी काढण्याचा परवाना तिने मिळत नाही. फॉक्स यांचा तसा समज होता की तसे भासवायचे होते, हे त्यांनाच ठाऊक.

चित्रफीत पुन्हा पाहताना लक्ष फॉक्स यांच्याकडून हटून वूटन यांच्यावर स्थिरावते. फॉक्स बोलत असताना ते हसतात. थांबवत नाहीत, आवाज चढवत नाहीत, ‘हे येथे चालणार नाही’ एवढेही म्हणत नाहीत. पुढे ते इव्हान्स यांचा खेद व्यक्त करणारा मजकूर वाचून दाखवतात. आणि शेवटी, बहुधा तोल सावरण्यासाठी, इव्हान्स फार सुंदर आहेत, अशी पुस्तीही जोडतात. ती पुस्ती बचावाची मानावी की दुसरा अपमान, यावर वाद होऊ शकतो. एका पत्रकाराच्या मताची चर्चा तिच्या रूपावर नेऊन ठेवल्यावर ‘रूप चांगले आहे’ असे म्हणणारा माणूस पहिल्याच चौकटीत उभा राहून उत्तर देत असतो, आणि म्हणून मी तिला बचाव मानत नाही.

तक्रारींचा लोंढा

इव्हान्स यांनी त्या संभाषणाची क्लिप स्वतः एक्सवर टाकली. तेथून ती पसरली. हा क्रम या प्रकरणात फार महत्त्वाचा आहे, कारण तक्रार करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक त्या रात्री जीबी न्यूज पाहत बसलेले नव्हते, असे मानायला जागा आहे. वाहिनीचा ठरलेला प्रेक्षक फॉक्स यांना ओळखून होता, त्यांच्या बोलण्याला सरावला होता. धक्का बसला तो ज्यांनी ही वाहिनी कधी लावली नव्हती, त्यांना. २८ सप्टेंबरला ऑफकॉमने चौकशी जाहीर केली तेव्हाच तक्रारींची संख्या सुमारे ७,३०० झाली होती. पुढच्या सगळ्या आठवड्यांत मिळून त्यात फारतर हजार-दीड हजारांची भर पडली. क्लिप पसरण्याचा वेग आणि तक्रारींचा वेग हातात हात घालून चालतात आणि दोन्ही तितक्याच झपाट्याने ओसरतात.

‘ज्यांनी कार्यक्रम पाहिलाच नाही, त्यांना तक्रारीचा काय अधिकार’ हा आक्षेप वाहिनीच्या समर्थकांनी तेव्हा घेतला आणि अशा प्रत्येक प्रकरणात तो घेतला जातो. वरवर तो पटतो. परंतु ऑफकॉमच्या व्यवस्थेत तक्रारदार हा नुकसानभरपाई मागणारा पक्षकार नसतो. तो केवळ लक्ष वेधणारा असतो. प्रसारणानंतर वीस कामकाजी दिवसांच्या आत कोणीही कार्यक्रमाचे नाव, वेळ आणि आक्षेप कळवू शकतो. त्यानंतर नियामक मूळ प्रसारण मागवून स्वतः संपूर्ण पाहतो. म्हणून तक्रारदाराने अर्धा मिनिट पाहिले की दोन तास, याने निर्णयाच्या गुणवत्तेत फरक पडत नाही. फरक पडतो तो संख्येच्या अर्थात. क्लिप किती दूर गेली एवढेच आठ हजार हा आकडा सांगतो. कार्यक्रम किती आक्षेपार्ह होता, याचे माप त्यातून मिळत नाही.

तक्रार-अर्जाखेरीजही प्रतिक्रिया उमटल्या. ब्रिटिश संसदेच्या महिला व समानता समितीच्या अध्यक्ष कॅरोलाइन नोक्स, ज्या स्वतः सत्ताधारी हुजूर पक्षाच्या खासदार होत्या, त्यांनी वाहिनीच बंद करावी, इतके टोकाचे मत मांडले. ते मत चुकीच्या दिशेचे होते, असे मला वाटते. एका कार्यक्रमातील एका संभाषणासाठी वाहिनीचा परवाना काढून घेण्याची मागणी म्हणजे तिच्या समर्थकांच्या हाती आयते कोलीत देणे होय, आणि घडलेही तसेच. मूळ मुद्दा मागे पडून ‘आमची वाहिनी बंद पाडायला निघाले आहेत’ हे गाऱ्हाणे पुढे आले.

वाहिनीची धावपळ

दुसऱ्या दिवशी वाहिनीने फॉक्स यांना निलंबित केले, ही वक्तव्ये पूर्णपणे अस्वीकार्य असल्याचे सांगितले आणि बिनशर्त माफी मागितली. मुख्य कार्यकारी अधिकारी अँजेलोस फ्रँगोपुलोस यांनी बीबीसी रेडिओवर जाऊन आपल्यालाही धक्का बसल्याचे सांगितले. वूटन यांनीही खेद व्यक्त केला. आपण लगेच हस्तक्षेप करायला हवा होता, आणि पडद्यावर दिसलेले हसू करमणुकीचे नसून अनपेक्षित बोलण्याने आलेल्या गोंधळाचे होते, असा त्यांचा खुलासा होता. हा खुलासा काही तासही टिकला नाही. फॉक्स यांनी आपल्याला वूटन यांच्याकडून आलेल्या खासगी संदेशाचे छायाचित्र जाहीर केले, त्यात हसण्याची चिन्हे होती. त्याच दिवशी वूटनही निलंबित झाले आणि २८ सप्टेंबरला ‘मेलऑनलाइन’ या वृत्तसंकेतस्थळाने त्यांचा स्तंभ बंद केला.

दरम्यान वाहिनीचेच दुसरे एक सूत्रसंचालक कॅल्विन रॉबिन्सन यांनी वूटन यांची उघड पाठराखण केली. तेही निलंबित झाले. ४ ऑक्टोबर रोजी फॉक्स आणि रॉबिन्सन या दोघांना काढून टाकल्याचे वाहिनीने कळवले. येथे नेहमीच्या प्रेक्षकाचा संताप उसळला, पण त्याची दिशा उलटी होती. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे घर म्हणवणाऱ्यांनी पहिल्याच वादळात घरातल्या माणसांना बाहेर काढले, असे त्याचे म्हणणे होते. थोडक्यात, बाहेरचा प्रेक्षक वाहिनीने फॉक्स यांना बोलू दिले म्हणून रागावला आणि घरचा प्रेक्षक तिने त्यांना काढले म्हणून. हॅरी यांच्या वेळी वाहिनीने घरच्या प्रेक्षकाची बाजू घेतली होती. फॉक्स यांच्या वेळी ती घेता आली नाही, कारण मध्ये नियामक उभा होता.

येथे पैशाचा विचार टाळता येत नाही. मे २०२३ अखेर संपलेल्या आर्थिक वर्षात या वाहिनीचा तोटा चार कोटी पौंडांहून अधिक होता आणि तो सर पॉल मार्शल आणि लेगाटम या गुंतवणूकदारांच्या पाठबळावर पेलला जात होता. अशा वाहिनीला जाहिरातदार गेल्याचे दुःख मर्यादित असते, प्रेक्षकसंख्या घटल्याचे त्याहून थोडे जास्त. खरी भीती असते ती परवान्याची. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या ‘आरटी’ वाहिनीचा परवाना ऑफकॉमने रद्द केला होता. त्या प्रकरणाची कारणे निराळी होती, परंतु नियामक शेवटच्या पायरीपर्यंत जाऊ शकतो, हे त्यातून सर्वांना दिसले होते.

नियामकाने काय पाहिले

निर्णय ४ मार्च २०२४ रोजी आला. प्रश्न प्रसारण संहितेतील नियम २.३ चा होता. प्रेक्षकांच्या भावना दुखावू शकेल असा मजकूर दाखवायचा तर त्याला संदर्भाचे समर्थन हवे, असे हा नियम सांगतो. मजकूर दुखावणारा होता की नाही, एवढ्यावर हा नियम थांबत नाही, हे आपल्याकडे अशा चर्चांत नेहमी विसरले जाते. दुखावणारा मजकूर दाखवता येतो. युरोपीय मानवाधिकार कराराच्या कलम १० मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विचार ऑफकॉमला प्रत्येक निर्णयात करावा लागतो, आणि या कार्यक्रमाच्या प्रेक्षकाला तिखट, वादग्रस्त मतांची अपेक्षा असते, हेही त्याने विचारात घेतले.

तरीही नियमभंग ठरला. मानसिक आरोग्यावरील चर्चेत एका राजकीय पत्रकाराने घेतलेला सहभाग ‘ती किंवा तिच्यासारख्या स्त्रिया पुरुषांना हव्याशा वाटतील का’ एवढ्या प्रश्नावर आणून ठेवला गेला, असे ऑफकॉमने नोंदवले. ही भाषा इव्हान्स यांचाच नव्हे तर एकूण स्त्रियांचा अवमान करणारी आणि निःसंदिग्धपणे स्त्रीद्वेष्टी असल्याचा निष्कर्ष त्याने काढला. वूटन यांनी केलेला प्रतिवाद तोकडा होता. इव्हान्स यांचा खेद वाचून दाखवणे किंवा शेवटी गुळमुळीत काही बोलणे यामुळे आधीच्या मजकुराला संदर्भाचे समर्थन मिळाले नाही.

निर्णयातील सर्वांत वजनदार भाग मला वाहिनीच्या संपादकीय नियंत्रणाविषयीचा वाटतो. थेट कार्यक्रमावर संपादकाचा ताबा कितपत असतो, याबद्दल ऑफकॉमने गंभीर चिंता व्यक्त केली, वाहिनीकडून तिच्या नियमपालनाच्या पद्धतीची सविस्तर माहिती मागवली आणि अधिकाऱ्यांना बैठकीला बोलावले. थेट चर्चेत पाहुणा काय बोलेल, हे आधी सांगता येत नाही, ही सबब प्रत्येक वृत्तवाहिनीच्या ओठावर असते. ती खरीही असते. पण पाहुण्याचे तोंड आवरता आले नाही तरी सूत्रसंचालकाचे पुढचे वाक्य वाहिनीच्या हातात असते. नियंत्रण कक्षातून त्याच्या कानात सूचना देता येते, विषय बदलता येतो, जाहिरातींची विश्रांती घेता येते, पाहुण्याला निरोप देता येतो. यांपैकी वेळेवर आणि ठामपणे काही झाले की नाही, हे नियामक पाहतो. म्हणून या प्रकरणात फॉक्स यांच्या वाक्याइतकेच, कदाचित त्याहून जास्त, महत्त्व वूटन यांच्या हसण्याला आले.

आकडे आणि निकाल

तक्रारींची संख्या आणि निकाल यांचा संबंध किती सैल असतो, हे आजूबाजूची प्रकरणे पाहिल्यावर ध्यानात येते. मार्च २०२१ मध्ये आयटीव्हीच्या सकाळच्या कार्यक्रमात सूत्रसंचालक पिअर्स मॉर्गन यांनी ब्रिटिश राजघराण्याच्या सून मेगन मार्कल यांच्या मुलाखतीवर अविश्वास दाखवला तेव्हा ५७ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. नियमभंग झाला नाही, असा निर्णय लागला, कारण त्याच कार्यक्रमात सहकाऱ्यांनी मॉर्गन यांचा पुरेसा प्रतिवाद केला होता. जानेवारी २०२४ मध्ये ‘टॉकटीव्ही’वर ज्युलिया हार्टली-ब्रूअर यांनी पॅलेस्टिनी नेते मुस्तफा बरघुती यांच्यावर मुलाखतीत केलेल्या आरडाओरड्याबद्दल १७ हजारांहून अधिक तक्रारी झाल्या, तेथे औपचारिक नियमभंग नोंदवण्याऐवजी वाहिनीला समज देण्यात आली. आणि याच जीबी न्यूजने १२ फेब्रुवारी २०२४ रोजी तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांच्याशी प्रेक्षकांच्या प्रश्नोत्तरांचा तासाभराचा कार्यक्रम केला, त्यावर अवघ्या ५४७ तक्रारी आल्या. पण निवडणुकीच्या वर्षात पंतप्रधानांना जवळपास बिनविरोध व्यासपीठ दिल्याने निःपक्षपातीपणाचे नियम मोडले, असे ठरून ऑक्टोबर २०२४ मध्ये एक लाख पौंडांचा दंड जाहीर झाला. वाहिनीने त्याविरुद्ध न्यायालयाचा मार्ग धरला, ती गोष्ट वेगळी.

आठ हजारांवर तक्रारींना दंड नाही आणि साडेपाचशेंना एक लाख पौंड, हे ऐकायला विचित्र वाटते. कारण सरळ आहे. दंड हा गंभीर, वारंवार, जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने झालेल्या भंगासाठी राखून ठेवलेला असतो. सुनक यांच्या कार्यक्रमाची आखणी आधीपासून झालेली होती. निःपक्षपातीपणाबाबत वाहिनीला पूर्वीही खडसावलेले होते. फॉक्स यांचे बोलणे आयत्या वेळचे होते, वाहिनीने तत्काळ माफी मागून फॉक्स यांना काढले होते. ओंगळ वाक्य लोकांना चटकन टोचते, त्याची क्लिप होते. तासभर चाललेल्या कार्यक्रमात विरोधी बाजूच नव्हती, हे टोचायला प्रेक्षकाला थोडे बसून विचार करावा लागतो, आणि गैरहजर असलेल्या बाजूची क्लिप काढता येत नाही. निवडणुकीच्या दृष्टीने यांतला कोणता दोष अधिक घातक, याचे उत्तर तक्रारींच्या संख्येत सापडणार नाही.

भारतीय वाचकाला यातले एक जुने प्रकरण आठवत असेल. २००७ साली ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टी यांना मिळालेल्या वागणुकीवर सुमारे ४५ हजार तक्रारी झाल्या होत्या आणि त्या वेळी चॅनेल फोरला ऑफकॉमचे निष्कर्ष पडद्यावरून वाचून दाखवावे लागले. तेथेही निर्णय मजकूर हाताळण्यात झालेल्या संपादकीय चुकांवर बेतलेला होता.

आपल्याकडची वाट

मराठी किंवा हिंदी वृत्तवाहिनीवरील चर्चा पाहणाऱ्याला हे सारे परके वाटेल, कारण आपला संताप निराळ्या ठिकाणी सांडतो. यूट्यूबवरील क्लिपखाली ‘आधी पाहुण्यांना बोलू द्या’ हे वाक्य वाचायला मिळत नाही, असा दिवस विरळा. पण ते वाक्य तेथेच राहते. नियमानुसार तक्रार करायची तर ती प्रथम वाहिनीकडे, ठरावीक दिवसांच्या आत, कार्यक्रमाचा तपशील देऊन करावी लागते. उत्तराने समाधान झाले नाही तर स्वनियामक संस्थेकडे जावे लागते. २००८ मध्ये सुरू झालेली आणि आता एनबीडीएसए या नावाने ओळखली जाणारी वृत्तवाहिन्यांची संस्था ही त्यांतली प्रमुख. २०२१ मध्ये केबल टेलिव्हिजन नियमांत दुरुस्ती होऊन वाहिनी, स्वनियामक संस्था आणि केंद्र सरकार अशी त्रिस्तरीय रचना झाली. ऑफकॉम दर आठवड्याला काढते तशी कार्यक्रमवार तक्रारसंख्येची यादी आपल्याकडे निघत नाही, त्यामुळे ‘इतके हजार प्रेक्षक रागावले’ ही बातमीच होत नाही.

रिमोटची प्रतिक्रियाही काही काळ दिसेनाशी झाली होती. मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा तपास सुरू केल्यानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्याकडे प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क इंडिया या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणे थांबवले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या दीड वर्षाच्या आसपासच्या काळात गुटो हॅरी यांच्यासारखा प्रसंग येथे घडला असता तर घरच्या प्रेक्षकाने पाठ फिरवल्याची खूण कोणालाच दिसली नसती.

याचा अर्थ आपल्याकडे तक्रार निष्फळ ठरते असा नाही. एप्रिल २०२२ मध्ये ‘न्यूज१८ इंडिया’वरील हिजाबविषयक चर्चेत विद्यार्थिनींची बाजू घेणाऱ्या पाहुण्यांना अल-कायदाचा म्होरक्या अयमान अल-जवाहिरी याच्या टोळीतले म्हणून हिणवले गेले. प्रेक्षकाच्या तक्रारीवरून एनबीडीएसएने ऑक्टोबर २०२२ मध्ये ५० हजार रुपयांचा दंड केला, चित्रफीत काढून टाकायला सांगितली आणि पुन्हा असे घडल्यास सूत्रसंचालकाला स्वतः हजर व्हावे लागेल, अशी ताकीद दिली. येथे आठ हजार अर्ज लागले नाहीत. लागली ती प्रसारणाची तारीख, पडद्यावर झळकलेली वाक्ये आणि आचारसंहितेतील कलमे यांची नेमकी जुळणी. दंडाची रक्कम किती क्षुल्लक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२३ मध्ये बोलून दाखवले. २००८ पासून एक लाखावरच अडकलेल्या कमाल दंडाचा वाहिनीला काय धाक वाटणार, असा सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाचा प्रश्न होता.

लंडनमध्ये आठ हजार लोकांनी क्लिप पाहून अर्ज भरला, दिल्लीत एका तक्रारीत कलमे लिहिली गेली, आणि दोन्ही ठिकाणी ठपका आला तो चर्चा चालवणाऱ्याच्या वागण्यावर : एकाने पाहुण्याला थांबवले नाही, दुसऱ्याने पाहुण्यावर स्वतःच शिक्का मारला.

वूटन पुढे

निर्णय आला त्याच मार्च महिन्यात वूटन यांनी जीबी न्यूज सोडल्याचे जाहीर झाले. काही महिन्यांत त्यांनी स्वतःच्या नावाने यूट्यूबवर चर्चेचा कार्यक्रम सुरू केला. टीव्हीवर त्यांना मिळणारा घरचा प्रेक्षक तेथे वर्गणीदार म्हणून आला, आणि क्लिप पसरवणारा बाहेरचा प्रेक्षकही अधूनमधून डोकावतो. ऑफकॉमची प्रसारण संहिता परवानाधारक वाहिन्यांना लागू आहे. त्यामुळे तेथे कोणी नियम २.३ चा हवाला देऊन अर्ज भरला, तर तो पाहण्याचे काम नियामकाचे राहिलेले नाही. तो यूट्यूबच्या स्वतःच्या धोरणांनुसार निकाली निघतो, आणि त्या निकालाचे कारणांसहित पत्रक कोठे प्रसिद्ध होत नाही.